छंदाची बंदूक आणि संरक्षणाची तालीम

मंडळी, आपल्या गावोगावच्या विहिरींत पोहणारी मुले पुष्कळ असतात. उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला सुका भोपळा बांधून ती पाण्यात पडतात, चार दिवसांनी भोपळा सोडतात आणि आठवड्याभरात काठावरून धडाधड उड्या टाकू लागतात. पण यांतल्या किती जणांना बुडणारा माणूस बाहेर काढता येतो? बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्यालाच मिठी मारतो. त्याला मागून कसे धरावे, दोर केव्हा टाकावा, पाण्यात उतरावे की नाही, हे सारे निराळे शिकावे लागते. चांगला पोहणारा दुसऱ्याला वाचवायला गेला आणि स्वतःच बुडाला, ही बातमी आपण दर वर्षी कोठे ना कोठे वाचतो. मौजेची विद्या आणि प्रसंगाची विद्या या सख्ख्या बहिणी खऱ्या. पण त्या एक नव्हेत.

हाच प्रश्न एका देशात पाण्याविषयी नव्हे, तर बंदुकीविषयी दीडशे वर्षे वादाचा होऊन बसला आहे. तो देश म्हणजे अमेरिका. तेथे पुष्कळ घरांत बंदूक आढळते. कोणी ती हरणाच्या शिकारीसाठी ठेवतो, कोणी रविवारी मैदानावर मातीच्या उडत्या चकत्या फोडतो, कोणाला जुनी शस्त्रे जमवण्याचा नाद असतो. ही झाली हौशी मंडळी. आता यांच्यातच दोन तट आहेत. एक तट म्हणतो, “घरात बंदूक आहे ना, मग वेळप्रसंगी स्वतःचे रक्षण कसे करावे हेही रीतसर शिकून घ्या.” दुसरा म्हणतो, “आम्ही विरंगुळा म्हणून नेम धरतो. आम्हांला ही लढाईची तालीम कशाला?” या मतभेदाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. हत्यार, कसब आणि विवेक या तीन गोष्टींची गाठ कशी पडते आणि कशी सुटते, हे त्यातून चांगले दिसते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती झाली, तीत शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य केलेला आहे. आणि गंमत अशी की, त्याच एका वाक्यात सुव्यवस्थित नागरिक-सेनेचाही उल्लेख आहे. म्हणजे हक्क आणि कवायत ही जोडी प्रथम एकाच वाक्यात नांदत होती. पुढे त्या वाक्याचा अर्थ काय, यावर वकिलांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. आपल्याला त्यात शिरायचे नाही. हक्क तेवढा कागदावर राहिला आणि शिकवायचे कोणी, हा प्रश्न मोकळाच राहिला, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

१८६१ ते १८६५ या काळात तेथे मोठे यादवी युद्ध झाले. त्या युद्धात उत्तरेकडील फौजेच्या अधिकाऱ्यांना एक कटू अनुभव आला. शिपायांच्या हाती रायफली होत्या, पण नेम कच्चा होता. म्हणून १८७१ साली न्यूयॉर्क येथे विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या दोघा माजी अधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन राष्ट्रीय रायफल संघ स्थापन केला. हेतू कोणता? तर नागरिकांना नेम शिकवावा, म्हणजे देशावर वेळ आली तर ते उपयोगी पडतील. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर क्रीडमूर नावाच्या जागी या संघाने चांदमारीचे मोठे मैदान तयार केले.

येथे सप्टेंबर १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिका यांचा एक सामना झाला. आदल्या वर्षी आयर्लंडच्या संघाने इंग्लंडात विम्बल्डनच्या मैदानावर ढाल जिंकली होती. विम्बल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते, पण त्या काळी तेथे रायफलींचेही मेळावे भरत. असो. क्रीडमूरला ८००, ९०० आणि १,००० यार्डांवरून नेमबाजी झाली. आयरिश मंडळींपाशी ठासणीच्या रायफली होत्या. अमेरिकनांपाशी मागून काडतूस भरण्याच्या नव्या रायफली होत्या. निकाल लागला तो ९३४ विरुद्ध ९३१. अमेरिका अवघ्या तीन गुणांनी जिंकली. आणि कशी जिंकली, पाहा! एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मधोमध बसली, पण ती शेजारच्याच निशाणावर! मध्यावर बसलेल्या गोळीला चार गुण मिळत. ते चारही गेले आणि त्यांच्याबरोबर सामनाही गेला.

हा प्रसंग मनात जपून ठेवा. नेम अचूक, हात स्थिर, पण निशाण चुकीचे. खेळात अशा चुकीने सामना हरतो. अंधाऱ्या घरात अशीच चूक झाली तर काय हरते, हे सांगायला नको.

क्रीडमूरला आणखी एक गोष्ट घडली. देशरक्षणासाठी काढलेली शाळा हळूहळू खेळाचे मैदान झाली. काही नेमबाज तर पाठीवर उताणे पडून, रायफल पायांच्या आधाराने धरून नेम साधीत. रणांगणावर कोण असा निजेल? पण गुण अधिक मिळत, म्हणून ती रीत रुळली. यात कोणाचा दोष नाही. स्पर्धा आली की माणूस स्पर्धेचे नियम पाहून शिकतो. मूळ हेतू मागे राहतो. आपल्या शाळांत परीक्षेपुरता अभ्यास होतो, हे गुरुजनांना निराळे सांगायला हवे काय?

यानंतर बराच काळ अमेरिकेतील हौशी बंदूकवाल्यांची शाळा म्हणजे शिकार आणि निशाण ही दोनच होती. शिकारीत अपघात फार होत. झुडूप हलले की हरीण समजून बार काढायचा आणि पुढे निघायचा सोबती! म्हणून १९४९ साली न्यूयॉर्क राज्याने तरुण शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. मग इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. नळी कोणाकडे वळवू नये, कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करावी, जनावर पुरते ओळखल्यावाचून चाप ओढू नये, असे साधे धडे त्यात असतात. या धड्यांनी शिकारीतील अपघात पुष्कळच घटले आणि शिकाऱ्यांनीही फारशी कुरकुर न करता ही सक्ती पत्करली. ही नोंद महत्त्वाची आहे. कारण पुढे जेव्हा संरक्षणाच्या तालमीची गोष्ट निघाली, तेव्हा इतके एकमत झाले नाही.

ती गोष्ट काढणाऱ्यांत जेफ कूपर हे नाव पहिल्याने घ्यावे लागते. १९२० साली जन्मलेला हा गृहस्थ आरमारी पलटणीत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला होता. पुढे त्याने इतिहासाची एम.ए. पदवी घेतली आणि काही वर्षे इतिहास शिकवलाही. म्हणजे तुमच्याआमच्या जातकुळीचा मास्तरच म्हणा ना! १९५० नंतरच्या दशकात गुराख्यांच्या चित्रपटांमुळे कमरेचे पिस्तूल झटकन उपसण्याची हौस अमेरिकेत फार बोकाळली होती. कूपरने कॅलिफोर्नियातील बिग बेअर लेक येथे अशा हौशी लोकांच्या स्पर्धा भरवल्या, पण त्यांतून त्याला काही तपासून पाहायचे होते. त्या काळी पिस्तूल एका हातानेच चालवायचे, हा नेमबाजीतील शिष्टसंमत प्रघात होता. ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे खेळाडू एक हात लांब करून उभे राहतात, ते आपण दूरदर्शनवर पाहतो. तो याच परंपरेतला. जॅक वीव्हर नावाच्या लॉस एंजेलिस परगण्यातील एका पोलीस अधिकाऱ्याने मात्र पिस्तूल दोन्ही हातांनी धरले, डोळ्यांपुढे आणले आणि एकहाती नेमबाजांना मागे टाकले. मैदानावर जे शोभते ते प्रसंगी चालतेच असे नाही, हे तेथे सर्वांना धडधडीत दिसले.

कूपरने १९७६ साली ॲरिझोना राज्यात पॉल्डन येथे आपली शाळा काढली. पुढे ती गनसाइट या नावाने ओळखली गेली. पोलीस आणि शिपाई यांच्यासाठीच जी विद्या होती, ती आता पैसे भरून कोणाही सामान्य नागरिकाला शिकता येऊ लागली. कूपरने बंदूक हाताळण्याचे चार नियम नेटकेपणाने मांडले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी नेऊ नये. नेम निशाणावर बसेपर्यंत बोट चापाला लावू नये. आणि निशाण कोणते व त्याच्या मागे काय आहे, हे जाणल्याशिवाय बार काढू नये. आज खेळाडू, शिकारी आणि संरक्षणवाले, सगळे या चार नियमांपुढे मान लववतात. भांडण याच्या पुढे सुरू होते.

त्याच १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया या गावी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पळता पळता, आडोशामागून, घाईघाईत पिस्तूल चालवण्याच्या स्पर्धा तिने सुरू केल्या. कूपर तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण क्रीडमूरला झाले तेच येथेही झाले. थोड्याच वर्षांत स्पर्धेसाठी खास घडवलेली, कमरेला नेहमी बाळगता येणार नाहीत अशी भारी पिस्तुले मैदानात आली. मूळ हेतू पुन्हा मागे राहिला. म्हणून १९९६ साली काही जणांनी वेगळी चूल मांडली. नेहमीचे पिस्तूल आणि नेहमीचे कपडे, यांवर भर देणारी नवी संघटना निघाली. तरी तीही स्पर्धाच! म्हणजे बघा, खेळ संरक्षणाला जवळ ओढतो आणि संरक्षण पुन्हा पुन्हा खेळ होऊन जाते.

मधल्या काळात आणखी एक उलथापालथ झाली. १८७१ चा तो रायफल संघ शंभर वर्षांचा झाला होता. त्याच्या चालकांच्या मनात राजधानी वॉशिंग्टन सोडून कोलोरॅडोत जावे आणि शिकार, निशाणबाजी व रानावनातील विरंगुळा यांकडे अधिक लक्ष द्यावे असे होते. पण मे १९७७ मध्ये सिनसिनाटी शहरी भरलेल्या वार्षिक सभेत सभासदांच्या एका गटाने रात्रभर सभा चालवून जुन्या चालकांना पायउतार केले. आमच्या संघाने बंदुकीचा हक्क राखावा, हे त्या गटाचे म्हणणे होते. तेव्हापासून संघाचा तोंडवळा पालटला.

लोकांच्या मनातही पालट झाला. बंदूक मुख्यतः कशासाठी बाळगता, असे १९९९ साली विचारले असता शंभरांपैकी ४९ जणांनी शिकार सांगितली आणि २६ जणांनी संरक्षण. २०१३ साली हेच विचारले तेव्हा ४८ जणांनी संरक्षण सांगितले आणि ३२ जणांनी शिकार. चौदा वर्षांत पारडे फिरले. मग या संरक्षणासाठी शिकले किती? २०१५ सालच्या एका पाहणीत असे दिसले की, बंदूक बाळगणाऱ्या दर पाचांपैकी सुमारे तिघांनी कधी ना कधी रीतसर काही शिकले होते. उरलेल्या दोघांनी काहीच नाही. आणि तिघांनी जे शिकले, त्यातही शिकारीचा छोटा वर्ग आला, लष्करातले जुने शिक्षणही आले.

आता दोन्ही तटांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ या. कारण दोघांच्याही पदरी काही खरे आहे.

तालमीच्या बाजूचे लोक म्हणतात: भीतीने छाती धडधडू लागली की माणसाची बोटे जड होतात, दृष्टी आकसते, कान बधिर होतात. मैदानावर शांतपणे दहा गोळ्या मधोमध मारणारा त्या क्षणी कुलूपही नीट उघडू शकत नाही. तेव्हा हाताला सवय हवी. मसाद अय्यूब नावाच्या शिक्षकाने १९८१ साली शाळा काढली आणि तीत त्याने यापुढचा धडा दिला. गोळी केव्हा झाडू नये, कायदा काय म्हणतो, प्रसंगानंतर पोलिसांपुढे आणि न्यायालयात कशाला तोंड द्यावे लागते, यावर त्याचा भर होता. म्हणजे तालीम ही हातापेक्षा डोक्याची अधिक.

हौशी तटातील लोक याला उत्तर देतात: “आमचे बापजादे शिकार करीत आले. आम्ही लहानपणापासून बंदूक सांभाळतो, कधी इजा झाली नाही. दोनतीन दिवसांच्या वर्गाला पैसा लागतो, रजा लागते, शेकडो काडतुसे लागतात. शेतकऱ्याने किंवा रोजंदारीवाल्याने हे कोठून आणावे?” काही जण पुढे जाऊन म्हणतात, “त्या वर्गांतील लष्करी थाट आम्हांला आवडत नाही. माणसाच्या आकृतीवर गोळ्या झाडण्याचा रोज सराव केला, की प्रत्येक अनोळखी माणूस शत्रू वाटू लागतो. घरी बसून दार लावून पोलिसांना बोलवावे, तेथे हा शूर वीर बाहेर पडायचा!” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्ध्या तालमीने कसबापेक्षा आत्मविश्वासच अधिक वाढतो, हे आखाड्यातल्या कोणाही वस्तादाला विचारा.

तिसरीही एक बाजू आहे. तिला तालीम आवडते, पण सक्ती नको. तिचे म्हणणे, हक्क हा हक्क असतो. त्याला परीक्षेची अट घातली की गरिबाचा हक्क आधी जातो. येथे कायद्याचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. फ्लोरिडा राज्याने १९८७ साली बंदूक लपवून बरोबर बाळगण्याचा परवाना सोपा केला, पण बंदूक हाताळता येते याचा दाखला मागितला. शिकारीच्या वर्गाचा दाखलाही त्याला चाले. २०२३ साली त्या राज्याने परवान्याची अटच काढली, तेव्हा दाखल्याची गरजही गेली. २०२४ अखेर अशी विनापरवाना मुभा देणारी २९ राज्ये झाली. उलट न्यूयॉर्कने २०२२ साली परवान्यासाठी १६ तास वर्गात आणि २ तास मैदानावर शिकणे सक्तीचे केले. एकाच देशात दोन टोके! यातून एक विचित्र स्थिती उभी राहते. बहुतेक राज्यांत हरीण मारायला जायचे तर नवशिक्याला वर्गाचा दाखला लागतो; माणसापासून रक्षण म्हणून पिस्तूल घरी आणायचे तर लागत नाही.

पण मंडळी, या सगळ्या वादात एक प्रश्न दोन्ही तटांकडून मागे पडतो. रक्षण करायचे ते कोणापासून? २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांतली २६,३२८ माणसे परक्याच्या हातून मेली नाहीत. त्यांनी आपलाच जीव घेतला. म्हणजे निम्म्याहून अधिक. संकट दाराबाहेरच उभे असते असे नाही. ते घरातच, एखाद्या खिन्न मुलाच्या किंवा एकाकी म्हाताऱ्याच्या मनात उभे असते, आणि बंदूक उघड्या खणात असते. मघा सांगितलेल्या पाहणीत असे दिसले की, ज्यांनी शिक्षण घेतले होते त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे पंधरांनाच या धोक्याविषयी काही सांगितले गेले होते. दाराकडे तोंड करून उभे राहायला शिकवले. घरातला माणूस उदास असेल तर बंदूक काही काळ घराबाहेर कशी ठेवावी, हे फारसे शिकवले नाही. हौशी असो की संरक्षणवाला, हा धडा दोघांनाही हवा. आणि त्याला ना शेकडो काडतुसे लागतात, ना रजा.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि २०१६ च्या नियमांत सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूदही आली. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी काही शेतकऱ्यांपाशी परवान्याची बंदूक असते, ती बहुधा वडिलार्जित. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहून आपण पूजा करतो. आपल्याकडची नेमबाजी म्हणजे मुख्यतः खेळ. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक आणले, ते अशाच शिस्तीच्या खेळातून. आपल्या कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा नाही.

तरीही हा परदेशचा इतिहास आपल्या उपयोगी आहे. गुरुजनांनी तो वर्गात जरूर सांगावा. बंदुकीच्या जागी मोटारसायकल घ्या, विजेची मोटार घ्या, औषध फवारण्याचा पंप घ्या. वस्तू विकत घेता येते, कसब सरावाने येते, पण केव्हा थांबावे हे शिकवल्याशिवाय येत नाही. क्रीडमूरच्या त्या नेमबाजाला नेम चांगला येत होता. त्याने फक्त आपण कोणत्या निशाणावर बार काढतो आहोत, हे एकदा पाहून घ्यायला हवे होते.

ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक असेल, त्यांनी आज एवढेच करावे. ती रिकामी आहे ना, काडतुसे निराळ्या कुलपात आहेत ना आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही ना, हे पाहून यावे.